एकाच शंखाचा संशय

श्यामराव टिल्लूंचा कुणावरच विश्वास नव्हता असं म्हटलं, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळावर होता, स्वतःच्या छत्रीवर होता आणि पुण्याहून येणाऱ्या भाजणीवर होता. बाकीच्या जगाकडे मात्र ते पुरावा मागत. भाजीवाल्याने भेंडी कोवळी आहे म्हटलं, की एक मोडून बघत. डॉक्टरने तब्येत उत्तम आहे म्हटलं, की दुसऱ्या डॉक्टरकडे जात. दीड वर्षापूर्वी त्यांच्या विमा कंपनीने त्यांना कोलकात्याच्या शाखेत व्यवस्थापक म्हणून पाठवलं, तेव्हापासून तर ते सूर्याकडेही संशयाने बघू लागले होते. इथला सूर्य सप्टेंबर संपत आला की ऑफिस सुटायच्या आधी मावळतो. "वेळेआधी सटकायची सवय इथे वरपासूनच आहे," असं ते प्रेमलताबाईंना सांगत. प्रेमलताबाई "हं" म्हणत. त्या घरात "हं" हे उत्तर दोन्ही बाजूंनी मुक्तपणे वापरलं जाई, हे पुढच्या हकिकतीसाठी लक्षात ठेवलेलं बरं.

दुर्गापूजेला थोडेच दिवस उरले असताना शहरावर असा काही पाऊस कोसळला, की टिल्लूंच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात टेबलांच्या खणांपर्यंत पाणी आलं आणि विजेचा मीटर जळला. मीटर बदलणं हे वीजवाल्यांचं काम, असं घरमालक म्हणाला. वायरिंग घरमालकाचं, तेव्हा आधी त्याने दाखला द्यावा, असं वीजवाले म्हणाले. महापालिकेच्या माणसाने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि आधी पाणी उतरू द्या, असं सांगून तो गेला. सगळ्या शहराचा विमा उतरवणाऱ्या या ऑफिसच्या स्वतःच्या टेबलखुर्च्यांचा विमा मात्र संपलेला होता. नूतनीकरणाचा कागद टिल्लूंच्याच टेबलावर सहीसाठी पडून होता, आणि ते तो पुन्हा एकदा तपासणार होते. तो कागदही पाण्याबरोबर गेला.

इकडे शहरातल्या निम्म्या गाड्या पाण्यात बुडाल्या होत्या आणि नुकसानभरपाईचे अर्ज धो धो येत होते. मुंबईच्या मुख्य ऑफिसातून नूपुर सबनीस मॅडमचा फोन आला. त्या टिल्लूंपेक्षा वयाने पुष्कळ लहान आणि हुद्द्याने पुष्कळ मोठ्या होत्या. "ऑफिस सुरू होईपर्यंत सगळ्यांनी घरून काम करायचं. अशा संकटात घरी बसलेल्या माणसांकडून काम कसं करून घेता, ते बघते मी. पुण्याच्या शाखेतली जागा रिकामी होतेय. त्याचं मग ठरवू."

पुणे! टिल्लूंच्या डोळ्यांपुढे कोथरूडच्या स्वतःच्या फ्लॅटची गॅलरी उभी राहिली. तिथे ते संध्याकाळी चहा घेत बसले होते आणि सूर्य आपल्या वेळेला मावळत होता. आता या गॅलरीच्या आणि त्यांच्या मध्ये फक्त तीन माणसं उभी होती. बजबजचे बिप्लब सरखेल, बारासातच्या सुचरिता हाजरा आणि बेहालाचा तथागत कुंडू. तिघंही आपापल्या घरी, म्हणजे टिल्लूंच्या नजरेआड, आणि नजरेआडचा माणूस काम करतो हे त्यांनी उभ्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. आता नजरेआडचं दिसणार तरी कसं, ही गोष्ट वेगळी.

पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांचा संशय पक्का झाला. सरखेलांनी सांगितलं, "सर, घर में पानी ढुक गया." आणि हे सांगताना त्यांच्या पाठीमागे पडद्यावर समुद्रकिनारा आणि नारळाची झाडं होती. ज्याच्या घरात पाणी शिरलंय, तो माणूस हौसेने समुद्र कशाला लावील? हाजराबाईंच्या जागी नुसता काळा चौकोन होता. कॅमेऱ्यातही पानी ढुक गया होतं म्हणे. कुंडूचा चेहरा दिसत होता, पण तो तोंड अर्धवट उघडं ठेवून इतका निश्चल बसला होता, की याने फोटो लावून ठेवला असणार, असं टिल्लूंच्या मनात आलं. खात्री करून घ्यायला त्यांनी मध्येच, काही संबंध नसताना, "बोनस" हा शब्द उच्चारला. चेहरा हलला नाही. म्हणजे फोटोच! टिल्लूंनी विजयाने मान डोलवली. जरा वेळाने त्या निश्चल चेहऱ्यातून आवाज आला, "सर, बोनस बोला क्या?"

त्या दिवसापासून टिल्लूंनी बंदोबस्त सुरू केला. सकाळी हजेरीची मीटिंग, दुपारच्या जेवणाआधी एक, जेवणानंतर लगेच एक. ही जेवणानंतरची खास होती. भात खाऊन बंगाली माणूस झोपतो, हे त्यांनी ऐकलं होतं. त्या मीटिंगला ते स्वतः सोफ्यावर उशी घेऊन बसत आणि दर पाच मिनिटांनी दचकून "कोण झोपलंय?" असं विचारत. शेवटी दिवेलागणीला एक. तिकडचा एकही आवाज चुकू नये म्हणून त्यांनी कान पूर्ण झाकणारे मोठे हेडफोन घेतले. ते लावले, की आजूबाजूचं काही ऐकू येत नसे, फक्त तीन घरांतलं येई. डमडमच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दिवेलागणीला डास येतात म्हणून ते खिडक्याही लावून घेत. एरवी ते या वेळी ऑफिसात किंवा मेट्रोच्या गर्दीत असत. दीड वर्षात कोलकात्याची संध्याकाळ त्यांनी घरात बसून एकदाही अनुभवली नव्हती.

"मी म्हटलं, मी हल्ली खालच्या लीनाबौदींकडे जातेय रोज," प्रेमलताबाई एकदा दारात येऊन म्हणाल्या. "त्या मला शिकवताहेत..."

"हं," टिल्लू म्हणाले. कानात हाजराबाईंकडे कुकरची शिट्टी होत होती, ती ते मोजत होते.

आणि मग त्यांना तो शंख ऐकू आला.

दिवेलागणीची मीटिंग होती. सरखेल एका बुडालेल्या टेम्पोबद्दल सांगत होते, आणि त्यांच्या मागे, म्हणजे नारळाच्या झाडांच्या मागे कुठेतरी, लांबलचक शंख वाजला. टिल्लूंनी भुवया उंचावल्या. इतक्यात हाजराबाईंच्या काळ्या चौकोनातून शंख वाजला. आणि तो विरतो न विरतो तोच कुंडूच्या अर्धवट उघड्या तोंडातून. तोच आवाज, तेवढाच लांब, तीन तीन वेळा. तिघांपैकी कुणीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सरखेल टेम्पोबद्दल बोलतच राहिले.

एक बजबजला, दुसरी बारासातला, तिसरा बेहालाला. तीन टोकांना राहणाऱ्या तीन माणसांकडे एकाच वेळी शंख वाजतो, याचा अर्थ काय? दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम तीच वेळ साधली. पुन्हा शंख! तिसऱ्या दिवशी पुन्हा! जरा मागेपुढे ऐकू येत होता, पण त्याचाही उलगडा टिल्लूंनी करून टाकला. कुंडूचं नेट धीमं, म्हणून त्याच्याकडून शंख उशिरा पोचतो. शंख एकच, फोन तीन. म्हणजे तिघं एकाच घरात बसलेत! इतकी स्वच्छ तर्कसंगती त्यांना आयुष्यात कधी जमली नव्हती. त्या समाधानात त्यांनी रात्री एक पोळी जास्त खाल्ली.

"माझे गाल फार दुखताहेत हो," जेवताना प्रेमलताबाई म्हणाल्या.

"मिष्टी कमी खा," टिल्लू म्हणाले.

सल्ल्यासाठी त्यांनी मनोहर निमकरांना फोन लावला. निमकर महाराष्ट्र मंडळातले. ते फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या हिशेब खात्यात होते आणि तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहत. म्हणजे त्यांचं काम जवानांच्या प्रवासभत्त्याची बिलं तपासणं एवढंच होतं, पण किल्ल्यात राहून राहून ते बोलत मात्र गुप्तहेर खात्यातल्यासारखे.

"तिघं एका घरात," निमकर आवाज खाली आणून म्हणाले. "टिल्लू, हे दुसऱ्या कंपनीचं काम करताहेत. लॅपटॉप तुमचे, वेळ तुमची, काम दुसऱ्याचं."

"पण शंख कशाला?"

"इशारा!" निमकर म्हणाले. "पाळी बदलली, असा इशारा. आमच्याकडे बिगुल असतो, यांच्याकडे शंख. आता अड्ड्यावर धाड घाला. फोन न करता. आणि साध्या वेशात."

टिल्लूंचा एकच वेश होता आणि तो साधाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी घेऊन ते निघाले. सियालदहला गाडी बदलून बजबजच्या लोकलमध्ये बसले आणि उतरल्यावर गुडघ्याएवढ्या पाण्यातून, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बूट घेऊन, सरखेलांच्या गल्लीत पोचले. दाराला कुलूप! त्यांचं हृदय आनंदाने धडधडलं. शेजारच्या ओट्यावर बसलेल्या एका आजोबांना त्यांनी विचारलं, तर ते म्हणाले, "सरखेलदा नेई." नाही! घरून काम करणारा माणूस घरी नाही! कुठे गेलाय, असं ते विचारणार, तेवढ्यात आजोबांची नजर त्यांच्या बॅगेवर पडली. बॅगेवर विमा कंपनीचं नाव ठळक छापलेलं होतं. ती बॅग कंपनीने फुकट दिली होती, म्हणून साध्या वेशातही ती टिल्लूंच्या खांद्यावरून सुटली नव्हती.

"इन्शुरन्स!" आजोबा ओरडले.

पुढच्या काही क्षणांत गल्लीतली सगळी दारं उघडली. पाण्याने नुकसान झालेले लोक कित्येक दिवस विम्याच्या माणसाची वाट बघत होते आणि तो आज स्वतःहून, पायी, बूट हातात घेऊन आला होता. टिल्लूंना आधी एक स्कूटर दाखवण्यात आली. मग एक फ्रीज. मग भिजलेल्या गाद्या. गादी दाबून बघा, असा आग्रह झाला म्हणून त्यांनी दाबली, तर पाण्याची चिळकांडी थेट चष्म्यावर आली. आपण दुसऱ्याच कामासाठी आलोय, असं ते हिंदीत, इंग्रजीत आणि शेवटी मराठीत सांगत होते, पण कोणत्या कामासाठी, ते सांगायची सोय नव्हती. एका बाईंनी त्यांना खुर्ची दिली, दुसरीने सिंगाडे, म्हणजे तिकडचे सामोसे, आणि रसगुल्ले आणले. गल्लीच्या क्लबच्या अध्यक्षांनी त्यांच्या गळ्यात गमछा घातला आणि फोटो काढला. ज्याने धाड घालायची, त्याचाच सत्कार झाल्याचं उदाहरण इतिहासात फारसं नसेल.

या गडबडीत दुपारच्या दोन्ही मीटिंगा होऊन गेल्या. त्या त्यांनीच ठेवलेल्या आणि गैरहजर राहणाऱ्याचं नाव मुंबईला कळवण्याचा नियमही त्यांचाच. परतीच्या गाडीत त्यांनी फोन उघडला, तर सरखेलांचा निरोप होता. "सर, मीटिंग हमने ले लिया. आप अनुपस्थित थे. नाम भेजना है क्या?" टिल्लूंना ते 'क्या' फार लागलं.

घरी पोचल्यावर त्यांनी अंघोळ केली आणि नूपुर मॅडमना संदेश पाठवला. "एक अत्यंत गंभीर बाब आपल्या कानांवर प्रत्यक्ष घालायची आहे. उद्या दिवेलागणीला आमच्या मीटिंगमध्ये कृपया हजर राहावं." निमकरांनी बजावलं होतं, की लेखी आरोप करायचा नाही, पुरावा थेट ऐकवायचा. शिवाय हेडफोन काढून स्पीकर लावा, म्हणजे घरातलाही साक्षीदार तयार होतो. "पुणं पक्कं झालं म्हणून समज," टिल्लूंनी प्रेमलताबाईंना सांगितलं.

प्रेमलताबाई म्हणाल्या, "दीड वर्ष मी या घरात भिंतींशी बोलत होते. आता कुठे खालच्या मजल्यावर कुणी मला नावाने हाक मारायला लागलंय. आणि आता तुम्ही निघालात."

"हं," टिल्लू म्हणाले. ते स्पीकरची वायर शोधत होते.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळे जमले. वर नूपुर मॅडम, खाली समुद्रकिनारा, काळा चौकोन आणि उघडं तोंड. टिल्लूंनी फर्मावलं, की आज कुणीही आवाज बंद करायचा नाही. बोलणं हिंदीत चाललं होतं, बुडालेल्या गाड्यांचे आकडे सांगितले जात होते, पण टिल्लूंचं लक्ष खिडकीबाहेरच्या उजेडाकडे होतं. आयुष्यात पहिल्यांदाच इथल्या सूर्याने लवकर मावळावं, असं त्यांना वाटत होतं.

आणि सरखेलांकडे शंख वाजला. मागोमाग हाजराबाईंकडे. मागोमाग कुंडूकडे. टिल्लू खुर्चीतून अर्धे उठले. "मॅडम, ऐकलंत?" त्यांनी मराठीत विचारलं. "ऐकलंत ना? तीन घरं आणि..."

बाकीचं वाक्य बुडालं. कारण चौथा शंख वाजला, आणि तो असा वाजला, की लॅपटॉपचा पडदा थरथरला. तो स्पीकरमधून आला नव्हता. तो टिल्लूंच्या पाठीमागून आला होता. त्यांनी वळून बघितलं. दार उघडलं होतं आणि दारात लाल काठाची साडी नेसलेल्या प्रेमलताबाई उभ्या होत्या. एका हातात धुपाटणं, दुसऱ्या हातात शंख, आणि गाल अजून फुगलेले. मागोमाग खालून लीनाबौदींचा शंख वाजला, मग समोरच्या इमारतीतून एक, मग कुठून कुठून कितीतरी. खिडक्या बंद असूनही सगळं डमडम वाजत होतं.

"हे काय आहे?" टिल्लूंच्या तोंडून कसंबसं आलं.

"काय म्हणजे? दिवेलागण," प्रेमलताबाई म्हणाल्या. "इथे घरोघरी शंख फुंकतात या वेळेला. मी लीनाबौदींकडून शिकतेय म्हणून सांगितलं नव्हतं का? तुम्ही 'हं' म्हणालात." आणि त्या खोलीच्या चारी कोपऱ्यांत धूप दाखवून, लॅपटॉपलाही दाखवून, निघून गेल्या.

खोलीत धूर कोंडला. टिल्लू खोकत खाली बसले. त्यांना वाटलं होतं, आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं.

"सर, आप के घर का शंख तो हम रोज सुनता है," काळ्या चौकोनातून हाजराबाई मायेने म्हणाल्या. "पहले खाली हवा आता था, फूँ फूँ. हम लोग सोचा, सर खुद सीख रहा है. इसलिए शाम को मीटिंग रखता है, हम लोग सुने. लेकिन पूछने में शरम लगा."

"और मैडम," सरखेल म्हणाले, "सर बजबज भी आया था. मेरे घर में तो कमर तक पानी था, हम लोग ससुराल में है. सर पानी में पैदल आया, पूरे मोहल्ले का गद्दा देखा. किसी को बताया भी नहीं." आणि समुद्रकिनाऱ्याच्या जागी पडद्यावर एक फोटो आला. त्यात गळ्यात गमछा, हातात रसगुल्ला आणि चष्म्यावर गादीचं पाणी असलेले श्यामराव टिल्लू होते. पाणी डोळ्यांतून आल्यासारखं दिसत होतं.

"दिन में चार बार खबर लेता है, कि हम लोग ठीक है कि नहीं," कुंडूचं निश्चल तोंड म्हणालं.

हे सगळं खोटं आहे, मी तुमच्यावर पाळत ठेवत होतो, असं ओरडून सांगावं असं टिल्लूंना वाटलं. पण ते सांगितलं तर पुणं गेलंच, नोकरीतली अब्रूही गेली. न सांगितलं तर निदान अब्रू राहील. ते गप्प बसले आणि गप्प बसल्यामुळे आणखीच नम्र दिसले.

नूपुर मॅडमनी चष्मा काढून पुसला. "टिल्लूसाहेब, तुम्ही मला हे ऐकवायला बोलावलंत होय!" त्या मराठीत म्हणाल्या. "आणि मी समजत होते, कुणाची तरी तक्रार करणार तुम्ही. खरं सांगू? तुमच्याबद्दल माझं मत जरा वेगळं होतं. संशयी माणूस म्हणून ऐकलं होतं. पण दीड वर्षात तुमच्या घरात शंख वाजायला लागला! माणसं इतकी जीव लावतात तुम्हाला. अशा माणसाला संकटाच्या वेळी इथून हलवणं हा मूर्खपणा होईल. मी आजच कळवते, तुम्हाला कोलकात्यात आणखी दोन वर्षं."

"पण मॅडम, पुणं..."

"पुण्याला काय, कुणीही चालेल," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

टिल्लूंनी हे वाक्य निमकरांना फोन करून सांगितलं. निमकर म्हणाले, "टिल्लू, तुमच्या मॅडमसकट हे चौघंही मिळालेले आहेत." पण टिल्लूंना पहिल्यांदाच निमकरांचा संशय आला आणि त्यांनी फोन ठेवला.

पूजेआधीच्या दिवसांत प्रेमलताबाईंचा मुक्काम खालीच असे. एकदा दिवेलागणीची मीटिंग चालू होती. आता ती टिल्लूंना बंद करता येईना, कारण ती माणसांची आवडती झाली होती. बाहेर शंख वाजून गेले. फक्त या घरात शांतता होती.

"सर, आज आप के घर में नहीं बजा?" हाजराबाईंनी काळजीने विचारलं. त्यांचा कॅमेरा आता सुरू झाला होता. त्यात खरोखरच पाणी गेलं होतं.

टिल्लूंनी मागे बघितलं. शंख देवापुढे ठेवलेला होता. घरात कुणी नव्हतं. त्यांनी आवाज बंद करण्याचं बटण दाबलं, खात्रीसाठी पुन्हा एकदा दाबलं, शंख उचलला, गाल फुगवले आणि सगळा जोर लावून फुंकला. फू करून हवा आली. पुन्हा फुंकला. फूर्रर्र. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ते मटकन खुर्चीत बसले.

पडद्यावर तीन माणसं तोंडावर हात ठेवून बसली होती. बटण दोनदा दाबल्याने आवाज पुन्हा सुरू झाला होता.

"होगा सर, होगा," सरखेल समजुतीच्या सुरात म्हणाले. "जल्दी क्या है? अब तो दो साल टाइम है."